यात गाणारा कधी येतो?

"यात गाणारा कधी येतो?" बाळासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

पडद्यावर एक बाई रिकाम्या खानावळीत ताटं मांडत होती. स्पीकरमधून एकच गिटार वाजत होतं, तेही दबकत. मी मिक्सरसमोर बसलेलो. मागं वळून बघायची हिंमत होत नव्हती.

"येत नाही," रोहिणी मॅडम म्हणाल्या. "यात गाणारा नाहीये."

"नाहीये म्हणजे? सुट्टीवर गेला का?"

"या प्रकारात नसतोच, बाळासाहेब. याला पोस्ट-रॉक म्हणतात. गिटार असतं, बेस असतो, ड्रम असतो. शब्द नसतात. हळूहळू चढत जातं."

"किती हळू?"

"पूर्ण गाणं नऊ मिनिटांचं आहे."

बाळासाहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "मॅडम, शहागंजात माझं भांड्यांचं दुकान हाय. गिऱ्हाईक भांडं घेताना एक टिचकी मारून बघतं. नऊ मिनिटं वाजवीत नाय बसत."

मला हसू आलं आणि घामही आला. कारण बाळासाहेब सिनेमाचे प्रोड्यूसर होते, रोहिणी मॅडम डायरेक्टर, आणि मी साउंडवाला. सिनेमात जे दिसतं ते कॅमेऱ्याचं. जे ऐकू येतं ते सगळं शेवटी आमच्या गळ्यात. बोलणं, पावलं, भांडी, पाऊस, संगीत हे सगळं नीट जुळवून एकजीव करायचं, याला मिक्सिंग म्हणतात. एकट्यानं अख्ख्या सिनेमाचं मिक्सिंग करायची माझी ही पहिलीच वेळ होती.

मी मूळचा गडचिरोलीकडचा. नववीतच शाळा सुटली. झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर सांभाळायचो. एका गायकानं संभाजीनगरच्या साजिदभाईंचं नाव सांगितलं म्हणून पिशवी घेऊन इकडं आलो. घरापासून इतकं लांब, की गाडीत बसल्यावर एक अख्खी झोप होऊनही गाव येत नाही. साजिदभाईंनी मार्कशीट मागितली नाही. माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि म्हणाले, "बोल, कैसा लगा?" मी बराच वेळ ऐकून म्हणालो, "मला तर पंख्याचाच आवाज येतोय." ते हसले. त्यांनी काही लावलेलंच नव्हतं. माझ्याआधी आलेले दोघं 'गाणं एक नंबर आहे' म्हणून गेले होते.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं आहे. आमचा स्टुडिओ लहान. दुकानांच्या जाहिराती, कव्वाली, जयंतीच्या आधी भीमगीतं, लग्नातली गाणी. सिनेमा पहिल्यांदाच आला. साजिदभाई म्हणाले, "फिल्म तू कर. मेरे कान अब आधे रह गए." त्यांचे कान ठणठणीत आहेत हे मला माहीत होतं. त्यांनी मला ते काम दिलं होतं. अशा माणसाचं काम बिघडलं तर तोंड कुठं लपवायचं, हीच धाकधूक मला पहिल्या दिवसापासून होती.

आता अडचण सांगतो.

सिनेमाचा शेवटचा सीन असा. शहराबाहेरच्या शेंद्रा एमआयडीसीतली एक बाई. तिची खानावळ कितीतरी महिने बंद होती. आज ती पुन्हा उघडते. ताटं मांडून बसते आणि कुणीच येत नाही. मग एक कामगार येतो. मग दुसरा. शेवटी खानावळ भरते. सीनमध्ये एक शब्द नाही. मॅडमनी त्यावर शेंद्र्याच्याच चार पोरांच्या बँडचं गाणं लावलं होतं. पोरं तिथल्या कंपन्यांत कामाला. गाण्याचं नाव 'रिलीव्हर'. कंपनीत तुमची शिफ्ट संपली की जो तुमच्या जागेवर येतो तो रिलीव्हर. तो आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही.

सीन साडेचार मिनिटांचा होता. गाणं नऊ मिनिटांचं.

"कमी करा," बाळासाहेब म्हणाले. "अन् ढोल पयल्यापासून घ्या. पब्लिक काय ढोलाची वाट बघत बसंल का?"

"तो ड्रम आहे," मॅडम म्हणाल्या.

"ड्रम घ्या पयल्यापासून. नायतर माझ्या पुतण्याचं गाणं तयार हाय. डीजे हाय तो. त्याच्यात गाणारी बी हाय, शिट्टी बी हाय. सोमवारी फिल्म पुढं द्यायची. तवर जमवा, नायतर पुतण्याचं लावा."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय रे, होईल का नाय?"

"होईल," मी म्हणालो.

कसं होईल हे मला ठाऊक नव्हतं. पण शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायची फार भीती वाटते. समोरच्याला तेच ऐकायचं होतं असं वाटतं.

मी गाणं कापायला बसलो. सिनेमासाठी गाणं कापणं यात विशेष काही नाही. सुरुवात ठेवायची, मधलं काढायचं, शेवट जोडायचा. ठोक्यावर ठोका बसला की सांधा कळत नाही. आजकाल बहुतेक गाणी क्लिकवर वाजवतात. क्लिक म्हणजे वाजवणाऱ्याच्या कानात चालणारी टकटक. त्यामुळं पहिल्या मिनिटाची आणि शेवटच्या मिनिटाची चाल एकच राहते. कुठूनही कापा, कुठंही जोडा.

या गाण्याला क्लिक नव्हता. पोरांनी ते एका खोलीत, एका छोट्या रेकॉर्डरवर, एका दमात वाजवलं होतं. सुरुवातीला गाणं रमतगमत चालायचं आणि शेवटी धावायचं. मी सुरुवात शेवटाला जोडली की असं वाटायचं, कुणीतरी ओट्यावर निवांत बसलेल्या माणसाला धरून चालत्या रिक्षात कोंबलंय. जागा बदलून पाहिल्या, सांधे बदलून पाहिले. मधला तुकडा कॉम्प्युटरवर ताणूनही पाहिला. ताणल्यावर गिटार आजारी वाटायला लागलं.

त्यातल्या त्यात बरं होतं ते मॅडमना आणि बँडच्या प्रशिकला ऐकवलं. प्रशिक गिटारवाला. गाडीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेटर आहे. अंगावर कंपनीचा शर्ट तसाच होता.

मॅडम सभ्य आहेत. त्या म्हणाल्या, "माणसं आली आणि हात न धुताच जेवायला बसली, असं वाटतंय."

प्रशिकनं परत एकदा लावायला सांगितलं. मग हळूच म्हणाला, "दादा, यात निलेश कुठंय?"

निलेश म्हणजे त्यांचा बेसवाला. तो ज्या ठिकाणी गाण्यात शिरतो तोच तुकडा मी काढला होता. काढायला सोयीचा तोच होता ना.

"तो एकदम मधीच उगवला," प्रशिक म्हणाला. "कुठून आला, कधी आला, पत्ताच नाय. नको दादा. राग मानू नका. तुम्ही लई मेहनत घेतली. पण असं लावायचं असलं तर आमचं गाणं नका घेऊ. डीजेचं लावा."

"अरे, सिनेमात गाणं जातंय तुमचं!"

"व्हय. घरी सगळ्यांला सांगून बसलोय. आई तर गल्लीत सांगून आली. पण आम्हालाच ऐकायला लाज वाटंल असं नको."

तो शांतपणे बोलला म्हणून मला जास्त लागलं. आता गाणं जाणार, मॅडमचा सीन जाणार आणि साजिदभाईंनी ज्याच्या भरवशावर सिनेमा घेतला तो माणूस खोटा ठरणार. मी जेवलो नाही. आईचा फोन आला तर 'जेवलो' म्हणालो.

साजिदभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घबराता कायकू? कपडा छोटा नहीं होता तो नया सिलाते. बुला लो चारों कू."

म्हणजे गाणं स्टुडिओत पुन्हा वाजवायचं. सीन समोर पडद्यावर लावायचा आणि तेवढ्याच वेळात बसवायचं. चौघांच्या चार कंपन्या. पण तिकडची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. शुक्रवारी सकाळी चौघं दोन मोटारसायकलींवर ड्रमचे डबे बांधून आले. प्रशिक, दुसऱ्या गिटारवर सुमित, बेसवर निलेश आणि ड्रमवर अक्षय. अक्षय जिना चढतानाच म्हणाला, "लिफ्ट नाय का? मग मी शिट्टी वाजवतो, ड्रम राहू द्या."

मी फार तयारी केली होती. प्रत्येकाला वेगळा माइक, वेगळा हेडफोन. कानात क्लिक. कुणी कधी सुरू करायचं ते कागदावर लिहून समोर चिकटवलं होतं. चौघं आपापल्या जागी बसले. मी काचेपलीकडं मिक्सरपाशी बसून दिवा लावला. आमच्याकडं लाल दिवा म्हणजे रेकॉर्डिंग चालू आणि दार बंद. तो लागला की दार उघडायचं नाही. साजिदभाई जुम्म्याच्या नमाजाला निघाले होते, ते पण दिवा लागायच्या आधी बाहेर पडले.

पोरांनी वाजवलं. एकही चूक नाही. साडेचार मिनिटांत बरोब्बर संपलं.

"झालं की!" बाळासाहेब टाळी वाजवून म्हणाले. ते बघायला म्हणून आले होते आणि सोबत भजी घेऊन आले होते. "उगं टेन्शन घेत होते तुमी."

बाकी कुणीच टाळी वाजवली नाही. मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या. आत चौघं एकमेकांकडं बघत होते.

"एकदा अजून घेऊ?" मी विचारलं.

आम्ही परत घेतलं. आणि परत. प्रत्येक वेळी बरोबर यायचं आणि प्रत्येक वेळी तसंच सपाट. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. पण मला कुणी येतंय असं वाटत नाहीये."

प्रशिक हेडफोन काढून म्हणाला, "मॅडम, वाजलं बरोबर. आमचं नाय वाजलं."

मला वाटलं, आता उठून मागच्या दारानं निघून जावं. पण आमच्या स्टुडिओला मागचं दार नाही.

साजिदभाई नमाजाहून परत आले. आमची तोंडं बघून त्यांनी चहा सांगितला. सगळे जिन्यात उभे राहून चहा आणि भजी खायला लागलो. चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "बच्चो, ये गाना बनाया कैसे?"

अक्षय हसला. "मला नका विचारू चाचा. मी गाण्याच्या सुरुवातीला कधी नसतोच."

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे मी पोचलेलोच नसतो! ज्या आठवड्यात चौघांची फर्स्ट शिफ्ट जुळती, त्या आठवड्यात आमची प्रॅक्टिस, प्रशिकच्या घरी. प्रशिकची कंपनी घराजवळ. तो पयला येतो. एकटाच कायतरी टुणटुण करीत बसतो. मग सुमितची बस येती. मग निलेश. माझा रिलीव्हर कधी टायमावर येतच नाय. तो येणार, तंबाखू मळणार, मग मशीनपाशी येणार. तवर हे तिघं थांबतेत का? चालूच ठेवतेत."

"मग थांबून काय तुझी आरती करायची का?" निलेश म्हणाला.

"तेच ना! मी तिथं पोचतो तर आतून गाणं ऐकू येतं. पळत येऊन बसायचं अन् हाणायचं. रागच आलेला असतो, रिलीव्हरचा. म्हणून तर शेवट तसा हाय."

"अन् म्हणून तर नाव तसं हाय," सुमित म्हणाला. "त्याच्या रिलीव्हरला अजून माहीतच नाय त्याच्यावर गाणं झालंय ते."

सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांचा कप तसाच हातात होता. "तुम्ही रेकॉर्ड केलं तेही असंच? एकेक जण येत?"

"तसंच," प्रशिक म्हणाला. "दुसरं कसं वाजवतेत ते आम्हाला येतच नाय. आज पयल्यांदा चौघं एकदम बसलो. अक्षय मागं काड्या घेऊन बसलेला. मला सारखं वाटत होतं, हा कवा हाणतो, कवा हाणतो."

"मग आत्ता तसंच करू," मॅडम म्हणाल्या. "प्रशिक एकटा आत. बाकीचे तिघं इथं जिन्यात. ज्याची वेळ झाली त्यानं आत जायचं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. रेकॉर्डिंग चालू असताना दार उघडायचं? खाली रस्ता. रिक्षा, हॉर्न, फेरीवाले. दाराचा स्वतःचा आवाज. आणि क्लिक नसेल तर गाणं सीनमध्ये कसं बसणार? मी साजिदभाईंकडं बघितलं.

"मेरे कू मत देख," ते म्हणाले. "फिल्म तेरी है."

मला त्या वेळी 'होईल' म्हणवलं नाही. मी म्हणालो, "बिघडू शकतं. पण करून बघू."

क्लिक काढला. समोरचे कागद काढले. प्रशिकला पडद्यासमोर बसवलं. "तू फक्त बाईकडं बघून वाजव," मॅडमनी सांगितलं. "ती वाट बघतेय, तशीच तूही बघ." दोन माइक दारापासून वळवून ठेवले आणि बाहेरच्यांना आपली वेळ कळावी म्हणून एक हेडफोन जिन्यात सोडला. आता राहिलं दार. आमचं दार जाड आणि वजनदार. हळू उघडायला कुणीतरी कायम तिथंच उभं पाहिजे.

"मी उभा राहतो," बाळासाहेब म्हणाले. "दुकानाचं शटर तीस वर्षं उचलतोय."

मी दिवा लावला.

प्रशिकनं सुरू केलं. तीच टुणटुण. पण आता त्याची मान सारखी दाराकडं वळत होती. सूर थोडे लांबायचे, जणू कान देऊन ऐकतोय. पडद्यावर बाई ताटाची जागा बदलत होती. मग दार उघडलं. एक धप्पकन आवाज झाला, त्याच्याबरोबर रस्त्यावरची एक सायकलची घंटी आत आली, आणि सुमित आला. त्याला बघून प्रशिक हसला. खरंच हसला, आणि ते हसू गिटारमध्ये ऐकू आलं. मी शपथेवर सांगतो.

निलेश आला. चाल एक बोट वर सरकली. कुणी ठरवून सरकवली नव्हती. घरात माणसं वाढली की बोलण्याचा आवाज आपोआप वाढतो, तसं.

मग अक्षयची वेळ. त्याला जिन्यात थांबवत नव्हतं. बाळासाहेबांनी दार उघडलं आणि हा त्यांना धक्का देऊनच आत घुसला. धक्क्यानं बाळासाहेबही आत आले आणि मागून दार बंद झालं. आता ते परत उघडलं तर शेवट बिघडणार. बाळासाहेबांना ते कळलं. ते भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, ड्रमच्या झांजेपासून हातभर अंतरावर उभे राहिले. अक्षय बसला. काड्या उचलल्या. आणि हाणलं.

मी बरीच वर्षं आवाज ऐकतोय. त्या दिवशी मी आवाजाच्या मीटरकडं बघायचं विसरलो. काचेतून दिसत होतं, चौघं एकमेकांकडं बघून हसत वाजवतायत, पडद्यावर खानावळ भरलीय, बाई पोळ्या वाढतेय आणि बाळासाहेब डोळे मिटून भिंतीला चिकटलेत. त्यांचा एक पाय ठोक्यावर हलत होता. त्यांना तो थांबवता येत नसावा.

गाणं संपलं. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग बाळासाहेब बाहेर आले. कानात बोट घालून हलवलं.

"दुकानातली सगळी भांडी एकदम खाली आली तर मी कामगारांवर ओरडलो असतो," ते म्हणाले. "इथं ओरडू वाटलं नाय."

"म्हणजे आवडलं?" मॅडमनी विचारलं.

"आवडलं का ते माहीत नाय. पण मी पुतण्याला फोन करतो. त्याला म्हणतो, तुझं पुढच्या पिक्चरला."

गाणं साडेचार मिनिटांचं झालं नव्हतं. पाच मिनिटांच्या वर गेलं होतं. मी घाबरत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग काय झालं? गाणं कापता येत नाही हे कळलंय ना. सीन वाढवू." त्यांच्याकडं एक न वापरलेला शॉट होता. शेवटचा कामगार नळावर हात धुतो आणि आत शिरायच्या आधी क्षणभर थांबून खानावळीकडं बघतो. तो त्या दुपारी सीनमध्ये गेला. ज्या शॉटला आधी जागा नव्हती तो आता सगळ्यांना आठवतो.

दाराचा धप्प आवाज मी काढणार होतो. मॅडमनी राहू दिला. पडद्यावर खानावळीचं दार उघडतं तिथं तो जवळजवळ बसला होता. मी तो चिमूटभर मागं सरकवला. सायकलची घंटी पण राहिली. सोमवारी फिल्म वेळेत गेली.

पुढं शहरातल्या थिएटरात सिनेमा दाखवला. चौघं घरच्यांसकट आले होते. अक्षयनं त्याच्या रिलीव्हरलाही आणलं. तो बिचारा उशिरा पोचला. सुरुवात चुकली त्याची, पण शेवटच्या सीनला तो होता. खानावळ भरली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि गाण्याबरोबर त्या वाढत गेल्या. प्रशिकची आई शेजारणीला मोठ्यानं सांगत होती, "आता वाजतंय ते माझ्या पोराचं." सगळ्या रांगेला ऐकू गेलं. मिक्सिंगमध्ये हे बसत नाही, पण काढावंसंही वाटलं नाही.

मी हे सगळं वरच्या केबिनच्या दारातून बघितलं. थिएटरवाला आवाज कमी करेल या भीतीनं मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्याला म्हणत होतो, "दादा, बटनाला हात नका लावू. सुरुवातीला हळूच हाय ते, बिघडलेलं नाय." त्या नादात पडद्यावर माझं नाव येऊन गेलं ते मी पाहिलंच नाही. साजिदभाईंनी फोटो काढून ठेवला होता. तो मी आईला पाठवला. आईला वाचता येतं थोडं. तिनं लगेच फोन केला.

"तुझं नाव दिसलं," ती म्हणाली. "अन् हे बाकीचे कोन आहेत रे बापू?"

मी तिला एकेकाचं नाव सांगत बसलो. कोण काय करतो, कुणी काय केलं. बराच वेळ लागला. ती मध्ये एकदाही 'पुरे' म्हणाली नाही.

आता कुणी गाणं घेऊन येतं आणि विचारतं, "हे एवढ्यात बसेल का?" मी लगेच 'होईल' म्हणत नाही. आधी चहा सांगतो आणि विचारतो, हे तुम्ही वाजवलं कसं. निम्मी गाणी कापायची वेळच येत नाही. उरलेल्या निम्म्यांसाठी कात्री आहेच.